लोखंडाच्या थरात परका अणू

लोखंड आणि अतिवाहकता यांचं जमणं अवघड, असं बहुतेक पदार्थवैज्ञानिक मानत आले होते. अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, हा असा पदार्थ की ठरावीक तापमानाखाली त्याचा विद्युतरोध पुरता नाहीसा होतो, आणि या अवस्थेचं चुंबकत्वाशी हाडवैर. लोखंड तर चुंबकत्वाचं माहेरघर. त्यामुळे २००८च्या फेब्रुवारीत टोकियोच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लॅन्थॅनम, लोह, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगात २६ केल्विनला अतिवाहकता सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळा या संयुगांमागे लागल्या. काही महिन्यांतच चिनी शास्त्रज्ञांनी लॅन्थॅनमच्या जागी सॅमॅरियम घालून हा आकडा ५५ केल्विनपर्यंत नेला. शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस; तेव्हा ५५ केल्विन म्हणजे उणे २१८. तांब्याच्या ऑक्साइडांचं कुटुंब सोडलं तर नेहमीच्या दाबाला एवढ्या वर कोणताही अतिवाहक तोवर गेलेला नव्हता.

बातमीच्या गडबडीत एक बारकावा मागे पडतो. होसोनोंचं ते संयुग जसंच्या तसं थंड केलं तर अतिवाहक होतच नाही. त्यातले ऑक्सिजनचे शंभरातले दहाएक अणू काढून तिथे फ्लोरिनचे अणू बसवावे लागतात, तेव्हा कुठे ते २६ केल्विन दिसतात. मुद्दाम परके अणू घालण्याला डोपिंग म्हणतात, नको असताना राहून गेलेल्यांना अशुद्धी. स्फटिकाच्या आत मात्र दोघांचं काम एकाच भौतिकीने चालतं. लोहाधारित अतिवाहकांमध्ये तर एकच परका अणू कधी अतिवाहकता जन्माला घालतो, कधी तिचा गळा घोटतो, आणि कधी दोन्ही थोडंथोडं करतो. तो किती घातला हे महत्त्वाचं आहेच. पण तो कुठल्या जागी बसला आणि तिथे बसून त्याने आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांचं काय केलं, हे त्याहून महत्त्वाचं. ही गोष्ट नीट कळली की या पदार्थांबद्दलचा निम्मा गोंधळ दूर होतो.

जोडी कशाने मोडते

अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये हे गणिताने मांडलं, आणि कूपर यांच्या नावावरून या जोड्यांना कूपर जोड्या म्हणतात. साध्या जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचं अंगभूत चुंबकत्व, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात. आता वाटेत एखादा चुंबकीय अणू आला, तर तो एका जोडीदाराला एका बाजूला ओढतो आणि दुसऱ्याला दुसऱ्या. जोडी तुटते. १९५८ मध्ये बर्न्ड मथायस आणि सहकाऱ्यांनी शुद्ध लॅन्थॅनममध्ये वेगवेगळी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं मिसळून पाहिली. प्रखर चुंबकीय असलेल्या गॅडोलिनियमचा जेमतेम एक टक्का मिसळताच लॅन्थॅनमची अतिवाहकता जवळजवळ पुसली गेली.

चुंबकत्व नसलेला परका अणू मात्र फारसं बिघडवत नाही. फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्ये याचं कारण दिलं. अशुद्धीला धडकून इलेक्ट्रॉनाची दिशा बदलते हे खरं, पण त्याच्या त्या वाकड्यातिकड्या वाटेला तंतोतंत उलटी अशी एक वाट असतेच, आणि तिच्यावरून चालणारा जोडीदार मिळतो. जोड्या नव्याने जुळतात, संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते तापमान, जागच्या जागी राहतं. म्हणून शिसं किंवा अ‍ॅल्युमिनियम बऱ्यापैकी मळकट असलं तरी अतिवाहक होतं.

अँडरसनच्या या युक्तिवादात एक अट दडलेली आहे. जोडीचं वर्णन करणाऱ्या तरंगाचं चिन्ह, अधिक किंवा उणे, सगळीकडे एकच असलं पाहिजे. तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये, म्हणजे १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी शोधलेल्या कुटुंबात, ही अट पाळली जात नाही. तिथे दिशा बदलली की चिन्ह बदलतं. इलेक्ट्रॉन अशुद्धीला आपटून अधिक चिन्हाच्या दिशेकडून उण्याकडे फेकला गेला की बेरीज-वजाबाकी होऊन जोडीच विरते. तिथे तांब्याच्या जागी जस्त बसवलं, जे चुंबकीय नाही, तरी काही टक्क्यांतच अतिवाहकता संपते. यातून एक शिस्त रूढ झाली: विजेचं काम करणाऱ्या थराला हात लावायचा नाही, डोपिंग करायचं ते दोन थरांच्या मधल्या जागेत.

कोबाल्टने शिस्त मोडली

लोहाधारित अतिवाहकसुद्धा थरांचे असतात. लोहाचे अणू चौरस जाळीत मांडलेले, आणि त्या जाळीच्या वर-खाली आळीपाळीने आर्सेनिकचे अणू. प्रत्येक लोह-अणूभोवती चार आर्सेनिक, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर. असे दोन थर एकमेकांपासून दूर ठेवायला मध्ये दुसरे अणू असतात. कुठे लॅन्थॅनम आणि ऑक्सिजनचा थर, कुठे नुसते बेरियमचे अणू.

बेरियम, लोह आणि आर्सेनिक यांचं संयुग या सगळ्या गोष्टीत प्रयोगशाळेचं आवडतं आहे, कारण त्याचे मोठे आणि स्वच्छ स्फटिक वाढवता येतात. डोपिंग न करता ते थंड करत गेलं तर १४० केल्विनच्या आसपास त्यात दोन गोष्टी घडतात. लोहाच्या अणूंवरचे चुंबकीय कल पट्ट्यापट्ट्यांत लागतात, एका रांगेत एका दिशेला, शेजारच्या रांगेत उलट. आणि चौरस जाळी किंचित ताणली जाऊन आयताकडे झुकते. हे चुंबकीय बस्तान ज्या इलेक्ट्रॉनांच्या जिवावर बसतं, तेच इलेक्ट्रॉन जोड्या जुळवायला लागणार असतात. म्हणून बस्तान उठवल्याशिवाय अतिवाहकता नीट येत नाही.

ते उठवायचे मार्ग मात्र अनेक निघाले. २००८ मध्येच म्युनिकच्या डिर्क योहरेंट यांच्या गटाने बेरियमचे शंभरातले चाळीस अणू पोटॅशियमने बदलले आणि ३८ केल्विन गाठले. पोटॅशियम थराला बेरियमपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी देतं, म्हणजे लोहाच्या थरात एक रिकामी जागा, होल, तयार होते. हे जुन्या शिस्तीला धरूनच होतं: परका अणू मधल्या जागेत, लोहाचा थर अभंग. त्याच वर्षी अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने थेट लोहाच्या जागी कोबाल्ट बसवलं. तांब्याच्या ऑक्साइडांचा अनुभव असलेल्या कुणालाही हा प्रयोग फुकट जाईल असंच वाटलं असतं. पण २२ केल्विनला रोध नाहीसा झाला. पुढे प्रमाण नीट बसवल्यावर दिसलं की शंभरातले सहा-सात लोह-अणू बदलले की अतिवाहकता सर्वांत जोमदार असते. त्याहून कमी किंवा जास्त झाले की उतरते. प्रमाण आणि तापमान यांचा आलेख घुमटासारखा दिसतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत बोलका वाटतो. आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस. आवर्त सारणीत दोघं एकाच गटातले, बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सारखेच, तेव्हा थरात ना इलेक्ट्रॉन वाढला ना होल. तरी साधारण ३० टक्के आर्सेनिक बदललं की ३० केल्विनच्या आसपास अतिवाहकता येते. फॉस्फरसचा अणू लहान; तो आला की जाळी आकसते, लोह आणि त्याच्या शेजाऱ्यांमधलं अंतर आणि कोन बदलतात. परका अणू मुळीच न घालता शुद्ध बेरियम-लोह-आर्सेनाइड नुसतं दाबाखाली धरलं तरी ते अतिवाहक होतं. कोनाचा संबंध तर आणखीही सरळ आहे. निरनिराळ्या लोह-आर्सेनाइडांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर आर्सेनिक-लोह-आर्सेनिक हा कोन आदर्श चतुष्फलकाच्या १०९.५ अंशांजवळ असतो तिथे संक्रमण तापमान शिखरावर दिसतं. सॅमॅरियमचं ५५ केल्विनवालं संयुग त्या शिखराच्या जवळ बसतं.

म्हणजे परका अणू एका वेळी तीन कामं करतो. तो इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतो, जाळीचा आकार बदलतो, आणि वाटेतला अडथळाही बनतो. पहिली दोन कामं अतिवाहकतेला पोषक ठरू शकतात, तिसरं बहुधा मारक. पोटॅशियम मधल्या जागेत बसतं, त्याचा अडथळा लोहाच्या थरापर्यंत मवाळ होऊन पोचतो, आणि ३८ केल्विन मिळतात. कोबाल्ट थरातच ठाण मांडतं आणि घुमटाचं टोक २५ केल्विनच्या आतच राहतं. या फरकाचं सगळं श्रेय अडथळ्याला देता येणार नाही, होल आणि इलेक्ट्रॉन यांचे परिणाम मुळातच सारखे नाहीत. पण जागेचा वाटा त्यात नक्की आहे.

आता शेजारची मूलद्रव्यं पाहू. आवर्त सारणीत लोहाच्या उजवीकडे कोबाल्ट, मग निकेल, मग तांबं. निकेल कोबाल्टपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त आणतं, म्हणून त्याचं कमी प्रमाण पुरतं आणि २० केल्विनच्या आसपास अतिवाहकता मिळते. याच हिशेबाने तांब्याचं आणखी कमी प्रमाण पुरायला हवं होतं. प्रत्यक्षात तांब्याने चुंबकीय बस्तान उठतं, पण अतिवाहकता जेमतेम दोनेक केल्विनची, तीही प्रमाणाच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यात. डावीकडे मँगॅनीज आणि क्रोमियम. लोहापेक्षा त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन कमी, म्हणजे कागदावर ते पोटॅशियमसारखेच होल देणारे. पण त्यांच्या डोपिंगने बेरियमच्या संयुगात अतिवाहकता येतच नाही. पोटॅशियमने दिलेला होल मोकळा फिरतो. मँगॅनीज आपले इलेक्ट्रॉन स्वतःजवळ धरून ठेवतं आणि थरात एक लहानसा, हट्टी चुंबक होऊन बसतं.

अगदी कोबाल्टसुद्धा आपला जास्तीचा इलेक्ट्रॉन खरोखर देऊन टाकतं का, यावर २०१०च्या सुमारास चांगलाच वाद झाला. जॉर्ज सावात्स्की आणि सहकाऱ्यांच्या गणनेत तो इलेक्ट्रॉन मुख्यतः कोबाल्टभोवतीच रेंगाळताना दिसला. दुसरीकडे, प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढणाऱ्या प्रयोगांत ऊर्जापट्टे अशा रीतीने सरकलेले दिसत होते की जणू थरात इलेक्ट्रॉन वाढलेच आहेत. ही दोन्ही निरीक्षणं एकत्र नांदू शकतात: एका जागी किती विद्युतभार साठलाय आणि वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना किती अवस्था उपलब्ध आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'कोबाल्ट म्हणजे अधिक एक इलेक्ट्रॉन' हा हिशेब सोयीचा आहे, आणि सोयीचा म्हणूनच वापरायचा.

इथे हायड्रोजनचाही उल्लेख करायला हवा. लॅन्थॅनमच्या संयुगात फ्लोरिन एका मर्यादेपलीकडे विरघळत नाही, त्यामुळे घुमटाच्या पलीकडे काय आहे हे बराच काळ दिसलंच नव्हतं. होसोनोंच्याच गटाने फ्लोरिनऐवजी ऋणभारित हायड्रोजन वापरला, जो ऑक्सिजनच्या निम्म्या जागांपर्यंत शिरतो. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की पहिल्या घुमटाला लागून दुसरा, अधिक उंच घुमट आहे, ३६ केल्विनचा. त्याच्याही पलीकडे, निम्म्याच्या आसपास डोपिंग झाल्यावर, चुंबकीय शिस्त पुन्हा येते.

अधिक आणि उणे

लोहाच्या थरातले इलेक्ट्रॉन त्यांच्या गतीच्या दिशेनुसार आणि मापानुसार दोन प्रकारच्या कप्प्यांत विभागलेले असतात. गतीच्या नकाशावर एक कप्पा मध्यभागी, होलांचा. दुसरा कोपऱ्याकडे, इलेक्ट्रॉनांचा. २००८ मध्येच इगोर माझिन आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानच्या काझुहिको कुरोकी यांच्या गटाने, असं सुचवलं की इथे जोड्या जुळवणारा गोंद म्हणजे विझत आलेल्या चुंबकत्वाची थरथर आहे. तसं असेल तर जोडीचं चिन्ह एका कप्प्यात अधिक आणि दुसऱ्या कप्प्यात उणे असायला हवं. या अवस्थेला 'एस प्लस-मायनस' म्हणतात.

कवायतीच्या मैदानावर दोन रांगा आहेत असं समजा. पहिल्या रांगेचा डावा पाय पडतो त्याच ठोक्याला दुसरीचा उजवा. एखाद्याला धक्का लागून तो आपल्याच रांगेत दोन जागा पुढे सरकला तर काही बिघडत नाही, त्याचा पाय रांगेबरोबरच पडतो. तोच धक्का खाऊन पलीकडच्या रांगेत गेला, तर त्याचा प्रत्येक पाय उलटा. अशुद्धीचंही तेच. ती इलेक्ट्रॉनाला त्याच्याच कप्प्यात फिरवत असेल तर अँडरसनचा नियम जवळजवळ लागू राहतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात भिरकावत असेल, तर चुंबकत्व नसूनही ती जोड्या मोडते.

इथेच अशुद्धी हे तपासणीचं हत्यार बनतं. चिन्ह थेट मोजणं महाकठीण. पण चिन्ह बदलत असेल तर चुंबकत्व नसलेल्या अशुद्धीने तापमान झपाट्याने पडायला हवं, नसेल तर नाही. २००९ मध्ये सेइइचिरो ओनारी आणि हिरोशी कोंतानी यांनी गणना करून दाखवलं की चिन्ह खरंच बदलत असतं, तर लोहाच्या जागी एखाद-दुसरा टक्का परका धातू आला तरी अतिवाहकता संपली असती. कोबाल्ट तर सहा-सात टक्के असताना ती फुलते. म्हणून चिन्ह सगळीकडे एकच आहे, आणि गोंद चुंबकत्वाचा नसून इलेक्ट्रॉनांच्या कक्षांच्या हालचालींचा आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

युक्तिवाद वजनदार होता, आणि त्याला उत्तर मिळालं ते पुन्हा जागेच्याच मुद्द्यावर. मध्यभागच्या कप्प्यातून कोपऱ्यातल्या कप्प्यात जायला गतीत मोठी उडी लागते. तेवढी उडी घडवायला अडथळा टोकदार हवा, अणूएवढ्या जागेत एकवटलेला. पोटॅशियम किंवा फ्लोरिन थराबाहेरून दिसतात, त्यामुळे त्यांचा अडथळा पसरट असतो. इलेक्ट्रॉन त्यांच्यामुळे थोडासाच वळतो, आपल्याच कप्प्यात राहतो. कोबाल्ट थरात असलं तरी लोहाचा सख्खा शेजारी, म्हणून त्याचा धक्का सौम्य. जस्त लोहापासून चार घरं दूर, त्याचा धक्का जबरदस्त. शिवाय दोन कप्प्यांत जोड्यांची ताकद सारखी नसेल तर हिशेब आणखी बदलतो. तेव्हा 'इतके टक्के अशुद्धी, इतकी घसरण' असं एकच सूत्र सगळ्यांना लावता येत नाही.

रासायनिक अशुद्धीची अडचण अशी की ती तिन्ही कामं एकदम करते, आणि घसरण नेमकी कशामुळे झाली हे सांगता येत नाही. यावर एक सुंदर तोडगा आहे. पॅरिसजवळ पालेझो इथे एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेगकात स्फटिकावर २५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडतात. नमुना त्या वेळी द्रवरूप हायड्रोजनमध्ये, साधारण २२ केल्विनला बुडवलेला असतो. आदळणारा इलेक्ट्रॉन एखाद्या अणूला त्याच्या जागेवरून उडवतो. मागे एक रिकामी जागा राहते आणि उडालेला अणू जवळपास कुठेतरी दाटीवाटीत अडकतो. थंडीमुळे तो लगेच परतू शकत नाही. नंतर नमुना वर काढल्यावर काही अणू घरी परततात, बाकीची मोडतोड टिकते. परकं मूलद्रव्य काहीच आलेलं नाही, तेव्हा रासायनिक प्रमाण तेच, फक्त अडथळे वाढले. तोच स्फटिक पुन्हापुन्हा मात्रा वाढवून तपासता येतो, त्यामुळे दोन वेगळ्या नमुन्यांची तुलना करण्याची कटकटही राहत नाही.

या प्रयोगांत बहुतेक लोह-संयुगांचं संक्रमण तापमान घसरतं, अँडरसनच्या नियमापेक्षा जास्त, पण ओनारी-कोंतानींच्या भाकितापेक्षा कमी वेगाने. मला सर्वांत पटलेला पुरावा मात्र तापमानातला नाही. फॉस्फरस घातलेल्या बेरियमच्या संयुगात काही दिशांना जोडी तोडायला ऊर्जाच लागत नाही. तिथे ऊर्जेची फट, म्हणजे जोडी तोडायला लागणारी किमान ऊर्जा, शून्यावर येते. २०१४ मध्ये जपानी, फ्रेंच आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला. आधी त्या शून्याच्या जागा बुजल्या, म्हणजे अडथळ्यांनी सगळ्या दिशांची सरासरी केली आणि फट सगळीकडे उघडली. इतपत कोणत्याही चिन्हाने समजावता आलं असतं. पण मारा आणखी वाढवल्यावर फटीच्या आत कमी ऊर्जेच्या अवस्था पुन्हा उगवल्या. शून्य बुजल्यानंतर असं पुन्हा व्हायला वेगवेगळ्या चिन्हांच्या कप्प्यांमधली धक्काबुक्की हेच सरळ कारण आहे. न्यूट्रॉनांच्या प्रयोगांनी आणि २०१० मधल्या तेत्सुओ हानागुरींच्या सूक्ष्मदर्शी निरीक्षणांनीही कौल याच बाजूला दिला होता.

लोह-सेलेनाइडने तर उलटीच चाल दाखवली. अशाच माऱ्यानंतर त्याचं संक्रमण तापमान सुमारे ०.४ केल्विनने वाढलं. त्याच वेळी जाळी चौरसाची आयत होण्याचं तापमान किंचित खाली आलं. अडथळ्यांनी प्रतिस्पर्धी अवस्थेला जास्त दुखापत केली तर अतिवाहकतेला मोकळीक मिळू शकते. या आकड्यांचं हे एक स्पष्टीकरण आहे, एकमेव नाही.

पाचशेत एक

मँगॅनीजकडे परत येऊ, कारण तिथे एक आकडा थक्क करणारा आहे. फ्लोरिन घातलेल्या, उत्तम अतिवाहक अशा लॅन्थॅनमच्या संयुगात लोहाच्या जागी फक्त ०.२ टक्के मँगॅनीज आलं की अतिवाहकता समूळ नष्ट होते. पाचशे लोह-अणूंत एक. जाळी चौरस आहे, तेव्हा पाचशेचं वर्गमूळ काढलं की दोन मँगॅनीज अणूंमध्ये सरासरी बावीसेक लोह-अणूंचं अंतर येतं; लोह-लोह अंतर ०.२८ नॅनोमीटरच्या आसपास धरलं तर सहा नॅनोमीटर. एका कूपर जोडीचा पसारा काही नॅनोमीटरचा असतो. म्हणजे अणू स्वतः लहान असला तरी त्याचं कार्यक्षेत्र एवढं मोठं असलं पाहिजे की जोडीला निसटायला जागाच उरू नये.

कारण लॅन्थॅनमच्या या संयुगातच शोधावं लागतं. ते चुंबकीय बस्तान उठल्यानंतरही अगदी काठावर उभं असतं. लोहाचे इलेक्ट्रॉन जरा चिथावणी मिळाली की पुन्हा चुंबकीय रांगांत लागायला तयार. मँगॅनीज ती चिथावणी देतं. त्याचा चुंबकीय कल आजूबाजूच्या लोहाच्या इलेक्ट्रॉनांत दूरवर पसरतो, अशा अनेक अणूंचे पसारे एकमेकांना भिडतात आणि पट्ट्यापट्ट्यांची जुनी शिस्त परत येते. लॅन्थॅनमचा काही भाग इट्रियमने बदलला, किंवा लॅन्थॅनमऐवजी सॅमॅरियमचं संयुग घेतलं, की तेच मँगॅनीज बरंच जास्त प्रमाणात खपवून घेतलं जातं. यजमान, म्हणजे परका अणू ज्यात बसतो ते संयुग, काठापासून दूर गेलेला असतो.

जस्ताचाही असाच अनुभव. त्याच लॅन्थॅनमच्या कुटुंबात फ्लोरिन कमी असताना जस्त घातलं तर तापमान किंचित वाढतं, फ्लोरिन अगदी योग्य असताना फारसा फरक पडत नाही, आणि फ्लोरिन जास्त झालेलं असताना तेच जस्त अतिवाहकता झपाट्याने मारतं. एकाच अणूचे तीन निकाल, केवळ यजमानाची अवस्था वेगळी म्हणून.

जास्तीचं लोखंड

सगळ्यात साधं लोह-अतिवाहक म्हणजे लोह आणि सेलेनियम, एकास एक. तैवानच्या वू माव-कुएन यांच्या गटाने २००८ मध्ये त्यात ८ केल्विनला अतिवाहकता दाखवली. इथे परकं मूलद्रव्य घालायची गरज नाही, पण लोखंडच परकं होऊ शकतं. शंभर सेलेनियमला एकशे एक लोह असताना अतिवाहकता उत्तम. एकशे तीन झाले की गायब. तेल्युरियम असलेल्या भावंडांमध्ये जास्तीचे लोह-अणू थरांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. तिथे ते जाळीच्या कामाचे नसतात, नुसते सुटे चुंबक म्हणून मिरवतात आणि शेजारच्या थरातल्या जोड्या मोडतात.

ते बाहेर काढायचे कसे? जपानच्या एनआयएमएस या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत योशिहिको ताकानो यांच्या गटाने २०११ मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. लोह, तेल्युरियम आणि थोड्या गंधकाच्या नमुन्याचे तुकडे त्यांनी रेड वाइन, व्हाइट वाइन, बिअर, साके, शोचू आणि व्हिस्कीत ७० अंश सेल्सियसला २४ तास ठेवले. नुसत्या पाण्याने किंवा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने जो परिणाम होतो त्याहून कितीतरी जास्त भाग अतिवाहक झाला, आणि रेड वाइनने सर्वांत जास्त. नंतरच्या कामातून उलगडलं की या पेयांतली सेंद्रिय आम्लं फटीतलं जास्तीचं लोह विरघळवून ओढून काढतात. ऐकायला मौजेचं वाटतं, पण रसायनशास्त्र पक्कं आहे: थर शाबूत ठेवायचा आणि फक्त चुकीच्या जागी बसलेला अणू काढायचा. ऑक्सिजनमध्ये हलकेच तापवूनही हेच साधतं.

जिथे मोडतोड हवी असते

आतापर्यंत अडथळा म्हणजे बहुतांशी नुकसान. चुंबकासाठी तार करायची म्हटली की चित्र पालटतं. तीव्र चुंबकीय क्षेत्रात हे पदार्थ क्षेत्राला पूर्ण बाहेर ठेवत नाहीत. ते बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरतं. प्रवाह सोडला की या भोवऱ्यांवर बाजूने जोर येतो. ते सरकले की ऊर्जा खर्च होते आणि रोध परत येतो. म्हणून भोवरे जागच्या जागी खिळवून ठेवावे लागतात, आणि त्यासाठी भोवऱ्याच्या गाभ्याएवढे, म्हणजे काही नॅनोमीटरचे, दोष सर्वांत उपयोगी. सॅमॅरियमच्या संयुगाच्या एका स्फटिकातून शिशाचे वेगवान आयन आरपार सोडून त्यांचे खांबासारखे माग उमटवले, तेव्हा ५ केल्विनला दर चौरस सेंटिमीटरमागे २ कोटी अँपिअरपर्यंत प्रवाह पेलला गेला, आणि संक्रमण तापमान जवळजवळ तेवढंच राहिलं. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष तारेत एकसंध स्फटिक नसतो. पोटॅशियम घातलेल्या संयुगाची पूड चांदीच्या नळीत भरून ती ओढत, दाबत लांब करतात. बीजिंगच्या विद्युत अभियांत्रिकी संस्थेत मा यानवेई यांच्या गटाने २०१६ मध्ये अशी शंभर मीटर लांबीची तार केली. पुडीच्या कणाकणांमधल्या सीमा ओलांडताना प्रवाह अडखळतो. तिथे ऑक्सिजन शिरला, किंवा लोह-आर्सेनिकचा पातळ थर साचला, तर कणांच्या आतलं डोपिंग कितीही अचूक असो, तार प्रवाह पेलत नाही. त्यामुळे पूड दळण्यापासून भरण्यापर्यंतचं काम आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत होतं. तार करणाऱ्याला दोन उलट गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात: कणाच्या पोटात भोवरे अडकवायला भरपूर दोष, आणि कणाच्या सीमेवर शक्य तितका स्वच्छ स्फटिक.